माणूस केव्हा मोठा होतो?



मागच्या आठवड्यात आपल्या साक्षरता वर्गाच्या दारात एक बाई येऊन थांबल्या. वय साठीच्या पुढे. हातात पाटी होती, पण ती पदराखाली झाकलेली. मी म्हटले, "या बाई, आत या." त्या म्हणाल्या, "गुरुजी, लाकडं मसणात गेली. आता मी काय शिकणार जी?"

मी त्यांना आत बसवले. 'अ' गिरवायला दिला. पण त्यांच्या प्रश्नाचे नीट उत्तर त्या दिवशी मी दिले नाही. ते आज देतो.

माणसाची वाढ केव्हा संपते? हाच तो प्रश्न. अंगाची वाढ विसाव्या वर्षाच्या आसपास थांबते, हे आपण डोळ्यांनी पाहतो. पण समजेची वाढ? भल्याबुऱ्याच्या जाणिवेची वाढ? मनाची वाढ? तीही तेव्हाच थांबते का?

आपण धान पिकवणारी माणसे. धानाचेच उदाहरण घेऊ. आधी आपण पऱ्हे टाकतो. तीन-चार आठवड्यांनी रोवणा करतो. मग फुटवे येतात. मग धान पोटरीवर येते. मग लोंबी बाहेर पडते, दाणा भरतो, आणि शेवटी कापणी. दर टप्प्याची गरज निराळी. आणि एक गोष्ट आपण कधीच करत नाही. पऱ्ह्याजवळ उभे राहून, "तुला अजून लोंबी का नाही?" असे आपण रागावत नाही.

लेकरांच्या बाबतीत मात्र आपण रोज तेच करतो.

आधी समज कशी वाढते ते पाहू. स्वित्झर्लंड नावाच्या देशात जाँ पियाजे नावाचे एक विद्वान होऊन गेले. त्यांचा काळ १८९६ ते १९८०. लहान मुले कसा विचार करतात हे त्यांनी जन्मभर पाहिले. स्वतःच्या तीन मुलांचीही त्यांनी बारकाईने टिपणे ठेवली. त्यांचा एक प्रयोग आपण आज घरी करून पाहू शकतो.

दोन सारखे पेले घ्या. दोन्हीत सारखे पाणी भरा. चार-पाच वर्षांच्या मुलाला विचारा, "पाणी सारखे आहे का?" ते म्हणेल, "हो." आता त्याच्या डोळ्यांसमोर एका पेल्यातले पाणी उंच आणि अरुंद भांड्यात ओता. पुन्हा विचारा. बहुतेक मुले म्हणतील, "यात जास्त पाणी आहे." का? तर पाणी उंच दिसते म्हणून. हाच प्रश्न सात-आठ वर्षांच्या मुलाला विचारा. ते हसेल. "तेच तर पाणी आहे. तुम्ही नुसते ओतले," असे म्हणेल.

लहान मूल मूर्ख नव्हते, हट्टीही नव्हते. त्याची समज अजून त्या टप्प्याला आली नव्हती. पियाजे यांनी समजेचे चार टप्पे सांगितले. पहिली दोन वर्षे मूल हाताने, तोंडाने, डोळ्यांनी जग ओळखते. दोन ते सात या वयात ते बोलू लागते, काठीचा घोडा करते, पण दिसते त्यावर लगेच विश्वास ठेवते. सात ते अकरा या वयात हाताशी असलेल्या वस्तूंचा हिशेब त्याला जमू लागतो. अकराच्या पुढे समोर नसलेल्या गोष्टींचाही विचार करता येतो. "असे झाले तर काय होईल?" असे ते स्वतःलाच विचारू लागते.

हे टप्पे म्हणजे रेल्वेचे वेळापत्रक नव्हे, बरे का. पुढच्या संशोधकांनी दाखवले की तान्ह्या मुलांनाही पियाजे समजत होते त्यापेक्षा पुष्कळ कळते. कोणी मूल लवकर पुढे जाते, कोणी उशिरा. पण मूळ गोष्ट खरी आहे. समज पायरीपायरीने येते. ती छडीने येत नाही.

आता भल्याबुऱ्याची जाण पाहू. पियाजे मुलांना दोन गोष्टी सांगत. पहिल्या गोष्टीतल्या मुलाला जेवायला हाक मारतात. तो दार उघडतो. दारामागे पंधरा कप ठेवलेले असतात, पण ते त्याला ठाऊक नसते. दार लागून पंधराही कप फुटतात. दुसऱ्या गोष्टीतला मुलगा आई घरी नसताना फळीवरचा मुरंबा चोरायला जातो. त्यात एक कप पडून फुटतो. आता सांगा, जास्त चूक कोणाची?

लहान मुले म्हणत, "पंधरा कप फोडणाऱ्याची." मोठी मुले म्हणत, "चोरी करणाऱ्याची. पहिल्याने मुद्दाम केले नाही." लहान मूल नुकसान मोजते. मोठे झाले की मनातला हेतू पाहू लागते. १९३२ साली पियाजे यांनी हे पुस्तकात मांडले.

मी ही गोष्ट फार उशिरा वाचली. वाचली त्या रात्री मला झोप आली नाही. का ते सांगतो.

मी तरुण होतो. नवा मास्तर होतो. उन्हाळ्याचे दिवस होते. दुसरीतला एक मुलगा सगळ्या वर्गासाठी पाणी भरून माठ आणत होता. मी त्याला तसे सांगितले नव्हते. तो आपणहून गेला होता. उंबऱ्याला पाय अडखळला आणि माठ फुटला. त्याच दिवशी दुसऱ्या एका मुलाने खडूची पेटी चोरली होती. मी दोघांनाही शिक्षा केली. खडू चोरणाऱ्याला दोन छड्या. माठ फोडणाऱ्याला सहा. का? तर माठ महाग होता!

पाहा, मी शिकलेला होतो. मिशीवाला होतो. पण त्या दिवशी माझा न्याय पाच वर्षांच्या मुलाचा होता. मी नुकसान मोजले, हेतू पाहिला नाही.

तो मुलगा दुसऱ्या दिवशी शाळेत आला नाही. नंतरही आला नाही. मी दोनदा निरोप पाठवला. स्वतः मात्र गेलो नाही. गुरुजीने मुलाच्या घरी जाऊन चूक कबूल करायची, हे त्या वेळी मला कमीपणाचे वाटले.

त्याची गोष्ट पुढे सांगेन. आधी एवढे लक्षात घ्या. वय वाढले म्हणजे न्यायबुद्धी आपोआप वाढते असे नाही. ती वाढवावी लागते.

अमेरिकेत लॉरेन्स कोलबर्ग नावाचे विद्वान झाले. पियाजे यांचा विचार त्यांनी पुढे नेला. १९५८ साली त्यांनी दहा ते सोळा वर्षांच्या मुलांना अवघड प्रश्न विचारून त्यावर प्रबंध लिहिला. मूल 'हो' म्हणते की 'नाही', याला त्यांनी महत्त्व दिले नाही. "असे का?" हे विचारले. त्या उत्तरावरून जाणीव कोणत्या पायरीवर आहे ते कळते, असे ते म्हणत.

आपल्या गावचाच प्रश्न घ्या. पाऊस ओढ देतो आहे. तुमची बांधी सुकली आहे. शेजाऱ्याच्या बांधीत पाणी आहे. रात्री कोणी जागे नाही. पाळ फोडून पाणी घ्यावे का?

एक जण म्हणतो, "नको. पकडलो तर मार बसेल." ही पहिली पायरी. यात भीती आहे, नाहीतर फायदा आहे.

दुसरा म्हणतो, "नको. गाव काय म्हणेल? पाण्याची पाळी ठरलेली आहे. नियम मोडला तर सगळेच फोडाफोडी करतील." ही दुसरी पायरी. यात गावाचा आणि नियमाचा मान आहे.

तिसरा म्हणतो, "नको. माझे धान वाळते तसे त्याचेही वाळेल. त्याचीही लेकरे आहेत. उद्या नियम नसला तरी मी हे करणार नाही." ही तिसरी पायरी. येथे माणसाचा न्याय त्याच्या स्वतःच्या मनातून येतो.

उत्तर तिघांचे एकच, "नको." पण माणूस निराळा. कोणी पाहत नसताना पहिल्याचा भरवसा धरता येईल का?

कोलबर्ग यांच्या या मांडणीवर एका बाईंनी बोट ठेवले. त्यांचे नाव कॅरोल गिलिगन. १९८२ साली त्यांनी पुस्तक लिहून विचारले, "तुम्ही मुलगेच तपासले. मुली कुठे आहेत?" त्या म्हणाल्या की पुष्कळ बायका न्यायाचा तराजू धरण्याआधी नाते पाहतात. कोणाला दुखेल, कोणाला सांभाळावे लागेल, हे पाहतात. ही पायरी खालची नव्हे. ही निराळी वाट आहे. आपल्या पाण्याच्या प्रश्नात अशी बाई म्हणेल, "पाळ कशाला फोडता? सकाळी त्याच्या घरी जाऊ. बसून बोलू. दोघांचेही धान वाचेल असे काही काढू." सांगा बरे, हे शहाणपण काय कमी आहे?

आता तिसरी गोष्ट. मनाची वाढ. येथे एरिक एरिक्सन यांचे नाव घ्यावे लागते. ते १९०२ साली जर्मनीत जन्मले. पुढे अमेरिकेत गेले. १९९४ साली वारले. १९५० साली त्यांनी एका पुस्तकात जन्मापासून म्हातारपणापर्यंत माणसाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. दर पायरीवर आयुष्य माणसाला एक प्रश्न विचारते.

तान्हे मूल विचारते : "मी रडलो तर कोणी येईल का?" आई आली, तर जगावर विश्वास बसतो.

दोन-तीन वर्षांचे मूल विचारते : "मी माझे माझे करू का?" त्याला सांडू द्या, पडू द्या. प्रत्येक वेळी हिणवले तर ते लाजाळू होते.

चार-पाच वर्षांचे विचारते : "मी नवे काही करून पाहू का?"

शाळेतले मूल विचारते : "मला हे जमेल का?" येथे कौतुक झाले तर हाताला कामाची गोडी लागते. येथे अपमान झाला तर मनात एक गाठ बसते. "मला येत नाही. मी ढ आहे."

तरुण विचारतो : "मी कोण?" लग्नाच्या वयात माणूस विचारतो : "माझे कोणाशी जमेल? मी कोणाचा होऊ?"

मधल्या वयात, चाळिशी-पन्नाशीत, प्रश्न येतो : "माझ्यामागून येणाऱ्यांसाठी मी काय करतो आहे?" ज्याला फक्त स्वतःचेच पोट दिसते तो येथे थांबतो, साचलेल्या पाण्यासारखा.

आणि म्हातारपणी शेवटचा प्रश्न : "मी जगलो ते ठीक झाले का?" ज्याला आपले आयुष्य, चुकांसकट, आपलेसे करता येते, त्याला मरणाची धास्ती कमी वाटते. ज्याला येत नाही, तो कुढतो.

एरिक्सन वारल्यावर त्यांच्या पत्नी जोन यांनी नववी पायरीही सांगितली. ती ऐंशी-नव्वदीच्या माणसांसाठी. म्हणजे तिथेही वाढ आहेच!

आपल्याकडे चार आश्रम सांगितले होते. ब्रह्मचर्य, गृहस्थ, वानप्रस्थ, संन्यास. आयुष्याला टप्पे असतात, हा विचार आपल्याला नवा नाही. पण त्या जुन्या मांडणीत वरच्या वर्णांच्या पुरुषांचाच विचार मुख्यतः होता. बायका आणि कष्टकरी त्यातून सुटले. आजची गोष्ट वेगळी. या पायऱ्या सगळ्यांच्या आहेत. विडी वळणाऱ्या बाईच्या आहेत, तेंदूपत्ता तोडणाऱ्या गड्याच्याही आहेत.

या एरिक्सन साहेबांना आपल्या देशातल्या एका माणसाने फार ओढ लावली. ते म्हणजे महात्मा गांधी. १९१८ साली अहमदाबादच्या गिरणी कामगारांनी संप केला. शंभराला पस्तीस रुपये पगारवाढ ही त्यांची मागणी. कामगारांचा धीर सुटू लागला तेव्हा गांधीजींनी उपवास धरला. तीन दिवसांनी तडजोड झाली. तेव्हा त्यांचे वय अठ्ठेचाळीस होते. एरिक्सन यांनी अहमदाबादला येऊन त्या संपाची माहिती गोळा केली आणि १९६९ साली गांधीजींवर पुस्तक लिहिले. मधल्या वयातला माणूस दुसऱ्यांची काळजी आपल्या शिरावर कशी घेतो, हे त्यांना त्यात दिसले.

पण मला गांधीजींची दुसरी एक गोष्ट जास्त जवळची वाटते. ती आपल्या विदर्भात घडली. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. हाताने काम करता करता शिकायचे, ही 'नई तालीम' गांधीजींनी तिथे मांडली. ती सात ते चौदा वर्षांच्या मुलामुलींसाठी होती. पुढे १९४२ ते १९४४ ते तुरुंगात होते. बाहेर आले ते म्हणाले की एवढ्याने भागणार नाही. १९४५ साली सेवाग्रामला पुन्हा परिषद भरली. तिथे नई तालीमची व्याप्ती सगळ्या आयुष्याएवढी झाली. शाळेआधीचे मूल, शाळेतले मूल, शाळेनंतरचा तरुण आणि प्रौढ माणूस, असे तिचे चार भाग ठरले.

तेव्हा गांधीजींचे वय पंचाहत्तर होते. पंचाहत्तराव्या वर्षी त्यांनी आपला आधीचा विचार अपुरा ठरवला आणि मोठा केला. आता सांगा, त्यांची वाढ थांबली होती का?

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, ते महात्मा होते. आमचे काय?"

तर ऐका. ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यात, फांगणे नावाचे लहान गाव आहे. ८ मार्च २०१६ रोजी तिथे आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ओलांडलेल्या आजीबाई गुलाबी साडी नेसून, दप्तर-पाटी घेऊन वर्गात बसल्या. जिने जन्मभर कागदावर अंगठा उठवला, ती स्वतःचे नाव लिहू लागली. त्या महात्मा नव्हत्या. तुमच्याआमच्यासारख्याच शेतात राबलेल्या बाया होत्या.

आणि अक्षर येत नाही म्हणजे अक्कल नाही, असे तर मुळीच समजू नका. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. शेतात, जात्यावर त्यांना गाणी सुचत. १९५१ साली त्या वारल्या. मुलाने ती गाणी जपली. १९५२ साली त्यांचे पुस्तक निघाले, आणि शिकलेले लोक थक्क झाले. समज तुमच्याजवळ आहेच. अक्षर हे तिच्या हातातले अवजार आहे. ते आता घ्यायचे.

येथे धानात आणि माणसात फरक पडतो. पऱ्हे जुने झाले आणि रोवणा लांबला, तर फुटवे कमी येतात. हंगाम गेला तो गेला. माणसाचे तसे नाही. एखादी पायरी हुकली, तर तिचा प्रश्न मनात जागा राहतो, आणि पुढे केव्हाही त्याचे उत्तर देता येते. "मला हे जमेल का?" हा आठ वर्षांच्या मुलाचा प्रश्न. तो घेऊनच त्या बाई दारात उभ्या होत्या. पाटी पदराखाली झाकली होती ती त्यासाठीच. त्या दिवशी त्यांनी एकोणीस वेळा 'अ' गिरवला. विसाव्या वेळी हात थरथरला नाही. मग त्यांनी पाटी मला दाखवली, पदरावर ठेवून, उघडी.

आता त्या माठवाल्या मुलाची गोष्ट पुरी करतो. काही वर्षांपूर्वी तो मला एका राईस मिलपाशी दिसला. पाठीवर धानाचे पोते होते. मजुरीच्या वहीवर तो अंगठा लावत होता. मला पाहून त्यानेच नमस्कार केला. मी म्हटले, "बाबा, त्या दिवशी माझे चुकले. तू पाणी आणायला गेला होतास. मी तुला मारायला नको होते." तो खाली पाहत राहिला. मग म्हणाला, "जाऊ द्या जी गुरुजी. पण माझ्या पोट्ट्याला कोणी मारू नये."

एवढेच बोलला. मी त्याला वर्गाला बोलावले. तो अजून आलेला नाही. त्याच्या नावाची एक पाटी मी कपाटात ठेवली आहे. माफी मागितली म्हणजे गेलेली वर्षे परत येत नाहीत, हे मला कळते. पण माफी न मागता मेलो असतो तर शेवटच्या पायरीवर मी काय उत्तर दिले असते?

आता शाळेत छडी चालत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे, दोन्हींना बंदी आहे. हा कायदा घरालाही लागू आहे असे समजून वागा.

तर आजपासून तीन गोष्टी करू या.

एक. मुलाच्या हातून काही फुटले, सांडले, तर हात उचलण्याआधी विचारा, "काय करायला गेला होतास?"

दोन. घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ रोज थोडा वेळ बसा. त्याला त्याची गोष्ट सांगू द्या. आपले आयुष्य ठीक झाले का, याचा हिशेब तो मांडत असतो. त्या हिशेबाला ऐकणारा लागतो.

तीन. स्वतःला म्हणू नका की लाकडे मसणात गेली. मसणातली लाकडे मसणात राहू द्या. आपण अजून बांधीत उभे आहोत.

उद्या वर्ग सायंकाळी सातला आहे. पाटी झाकून आणू नका.